सात नंबरची फाइल

सत्तावीस वर्षांत टायपिस्टबाईंच्या हातून वाकडी ओळ गेली नव्हती. पाणीपुरवठा कार्यालयातून गेलेलं पत्र त्यांच्या हातचं आहे, हे लोक दुरून ओळखायचे. डावा काठ तर सगळ्यांचाच सरळ असतो, पण बाईंच्या पत्राचा उजवा काठही पट्टीने आखल्यासारखा दिसायचा. 'उद्या दुपारी पाणी बंद राहील' एवढं सांगायलासुद्धा त्या असा कागद काढायच्या की पाणी बंद असल्याचा राग निम्मा व्हावा. त्यामुळे कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत पहिल्या आठवड्याचं पत्र परत मिळालं आणि त्यावर लाल शाईत 'ओळी!' एवढाच शेरा आणि दहापैकी चार गुण दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, हा कागद नक्कीच दुसऱ्या कुणाचा तरी आला. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. मशीन नंबर सात. म्हणजे त्यांचाच.

मजकूर त्यांचा होता. शब्दन्‌शब्द त्यांचा. पण रूप पाहवत नव्हतं. एक लांब ओळ, तिच्या खाली एकच शब्द एकटा पडलेला, मग पुन्हा लांब ओळ, पुन्हा एकटा शब्द. दात पडलेल्या तोंडासारखं पत्र.

काल संध्याकाळी स्क्रीनवर हेच पत्र सरळ होतं. बाईंनी स्वतः मागे सरकून, चष्मा वर करून, मग खाली करून ते दोनदा पाहिलं होतं.

"कसं झालं गं?" शेजारच्या आठ नंबरवरून जावकबाईंनी मान लांब केली.

टायपिस्टबाईंनी कागद उलटा करून पर्समध्ये कोंबला. "ठीक."

"मला सात दिले," जावकबाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावल्यासारखं करून हसल्या. "माझं काय गं, चार ओळींचं तर पत्र!"

सात. मशीनला हात लावायला घाबरणाऱ्या, एका बोटाने अक्षर शोधत बसणाऱ्या बाईला सात. आणि ज्यांच्या बोटांना डोळ्यांची गरज नाही, त्यांना चार. टायपिस्टबाईंच्या मनात तिथेच पहिल्यांदा पाल चुकचुकली.

आता हे प्रकरण गुणांपुरतं असतं तर बाईंनी नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण मोठ्या साहेबांनी कार्यालयातली टाईपरायटर मशीनं काढून टाकली होती आणि पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता. एकच. त्यावर बसायलाही एकच माणूस लागणार. टायपिस्टबाई आणि जावकबाई, दोघींनी कॉलेजात तीन महिन्यांचा वर्ग करायचा. जिला जास्त गुण पडतील ती त्या खोलीत बसणार. दुसरी जाणार शहराबाहेरच्या टाकीजवळच्या शाखेत, दोन बस बदलून.

दोन बस बदलणं म्हणजे घरी पोचायला साडेसात. टायपिस्टबाईंच्या सासूबाई पलंगावरून आधाराशिवाय उठत नव्हत्या, आणि शेजारीण त्यांच्यापाशी सहापर्यंतच थांबायची. सहा म्हणजे सहा. सहाच्या पुढे तिचा स्वतःचा संसार सुरू व्हायचा. बाईंनी हा हिशेब रात्रंदिवस डोक्यात फिरवला होता आणि दर वेळी एकच उत्तर आलं होतं: शाखेत जाणं म्हणजे नोकरी सोडणं.

जावकबाईंच्या मागे असं काही नव्हतं. त्या एकट्या राहत. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालून तो वहीत चढवणं हे त्यांचं काम; एकोणीस वर्षं त्या आणि टायपिस्टबाई एकाच टेबलावर डबा उघडत होत्या. एकीच्या डब्यात दुसरीचा हात इतका सरावाने जायचा की आपलं कुठलं आणि तिचं कुठलं हे कधी कळायचं नाही. वर्ग सुरू होण्याआधी दोघींनी टेबलावर हात ठेवून ठरवलंही होतं, जिचं नशीब ती बसेल, दुसरीने वाईट वाटून घ्यायचं नाही. असं ठरवणं फार सोपं असतं.

वर्ग कार्यालयातून परवानगीने लवकर निघून, चार ते साडेपाच. खोलीत वीस मशीनं, भिंतीला लागून दोन रांगा, खिडक्यांना जाड पडदे, आणि पुढे सरांचं टेबल. सर पंचविशीचे, बारीक, घाईत बोलणारे. पत्रं गोळा करायला ते कुणाच्या जागेवर येत नसत. सगळ्यांच्या फाइली त्यांना आपल्या टेबलावरूनच उघडता यायच्या. तिथून छापायच्या, लाल शाईत शेरा मारायचा आणि दुसऱ्या दिवशी वाटायच्या. एका शेऱ्यात एक शब्द, फार तर दोन. कुणी विचारलं तर सांगायचे. कुणी विचारलं तर.

टायपिस्टबाई विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. सत्तावीस वर्षं लोकांनी त्यांना विचारलं होतं. आता आपल्या मुलाच्या वयाच्या पोराला जाऊन 'ओळी म्हणजे काय हो' असं विचारायचं? त्यापेक्षा त्यांनी मान हलवली, जणू काही सगळं कळलं.

दुसऱ्या आठवड्याचं पत्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून लिहिलं. बोटं आपोआप चालत होती. टाईपरायटरवर ओळ संपत आली की एक बारीक घंटी वाजते. कॉम्प्युटरला ती घंटी नव्हती, पण बाईंच्या कानात ती अजून वाजत होती, अगदी नेमक्या अक्षराला. ती वाजली की त्यांची करंगळी एंटरवर टपकन पडायची आणि नवी ओळ सुरू व्हायची. पत्र पूर्ण झालं तेव्हा दोन्ही काठ सरळ होते. बाईंनी बोटाने ओळी मोजल्या. बावीस. चष्म्याच्या डबीतल्या चिठ्ठीवर, पासवर्डच्या खाली, त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं: बावीस.

साडेपाचला त्या उठल्या. त्यांची बस पावणेसहाची. "येतेस?"

"माझी सव्वासहाची गं. बसते जरा. सराव करते," जावकबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पत्र हातात आलं. 'ओळी!!' या वेळी दोन उद्गारचिन्हं. गुण चार. बाईंनी ओळी मोजल्या. एकोणचाळीस.

बावीसच्या एकोणचाळीस! कागद काही रात्रीत अंडी घालत नाही. साडेपाच ते सव्वासहा, पाऊण तास, रिकामी खोली, आणि सात नंबरच्या शेजारी कोण? टायपिस्टबाईंनी शेजारी पाहिलं. जावकबाई एका बोटाने काहीतरी टाईप करत होत्या, ओठ हलत होते, चेहरा अगदी निष्पाप. निष्पाप चेहऱ्याची माणसंच भारी, असं बाईंना वाटलं.

त्यांनी घाईघाईने स्वतःची फाइल उघडली. आणि आत पाहतात तो काय! पत्र सरळ. बावीस ओळी. दोन्ही काठ आखीव.

आता कुणी साधा माणूस असता तर इथे थबकला असता. फाइल सरळ आहे, कागद वाकडा आहे, म्हणजे मधे काहीतरी वेगळंच होत असेल, असं त्याला वाटलं असतं. टायपिस्टबाईंना वाटलं, किती पक्की आहे ही! आधी बिघडवते, सरांनी छापून घेतलं की परत होतं तसं करून ठेवते. म्हणजे मी बोंब मारली तर मलाच खोटं पाडायला मोकळी! तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं की पाणीपुरवठ्यातली माणसं लगेच खणत नाहीत. आधी कुठे ते बघतात.

त्या दिवसापासून त्यांनी बघायला सुरुवात केली, आणि बघायला लागलं की दिसायला काय कमी असतं! जावकबाई सरांशी हसून बोलतात, ते दिसलं. दुपारी जेवताना वर्गाचा विषय निघाला की डब्याकडे बघतात, ते दिसलं. सर पत्रं वाटायला आले की आधी आपलं नाही, शेजारणीचं पत्र बघतात, तेही दिसलं. शिवाय आणखी एक गोष्ट आठवली. वर्गाच्या पहिल्या दिवशी टायपिस्टबाई गैरहजर होत्या. त्या दिवशी त्यांचं टाईपरायटर भांडारात जमा करायचं होतं, आणि भांडारवाल्याने सही द्यायला संध्याकाळ केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "काल काय शिकवलं?" जावकबाई म्हणाल्या होत्या, "विशेष काही नाही गं. मशीन चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, असलंच."

दीड तास मशीन चालू-बंद करायला शिकवलं? तेव्हा बाईंनी ते ऐकून घेतलं होतं. आता ते गळ्यात अडकलेल्या काट्यासारखं टोचायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पासवर्ड बदलला. जुना चष्म्याच्या डबीत होता, आणि ती डबी टेबलावर उघडी पडलेली असायची. जावकबाईंनी कितीदा तरी तिच्यातून त्यांना चष्मा काढून दिला होता. नवा पासवर्ड त्यांनी कुठेच लिहिला नाही. बसमध्ये घोकला, सासूबाईंचं अंग पुसताना घोकला.

"काय पुटपुटतेस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"मला सांगायचं नसेल तर नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या. "पण चेहरा बघ जरा. कुणी चोरी केल्यासारखा झालाय."

"माझी झालीय चोरी," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंना उशीवर नीट टेकवून आत गेल्या.

नवा पासवर्ड, आणि तरीही पत्र वाकडं. गुण चार. बाई कागदाकडे बघतच राहिल्या. आता ती चिठ्ठी नव्हती, डबी नव्हती, डोक्यातली गोष्ट डोक्यातच होती. म्हणजे आत शिरायला एकच माणूस उरला, ज्याला सगळ्यांच्या फाइली आपल्या टेबलावरून उघडता येतात. सर. सर सामील! जावकबाईंच्या बोटाला सात गुण कुठून पडतात, याचं उत्तर बाईंना मिळालं आणि ते इतकं चपखल बसलं की त्यांना थोडं बरंच वाटलं. संशयाचं असं असतं. पटेनासं झालं की तो लहान होत नाही, आणखी एका माणसाला आत घेतो.

मग तो गुरुवार आला. टायपिस्टबाई बससाठी निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि मुद्दाम परत फिरल्या. व्हरांड्यातून पाय न वाजवता आल्या. खोलीत सर नव्हते. जावकबाई एकट्या होत्या, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, माउसवर हात ठेवून, आणि काहीतरी भराभर इकडून तिकडे ओढत होत्या. एका बोटाने टाईप करणारी बाई भराभर!

"अगं," टायपिस्टबाई दारातून म्हणाल्या.

जावकबाई दचकल्या. हात चटकन हलला, स्क्रीनवरचं काहीतरी नाहीसं झालं आणि खाली कोरं पत्र दिसायला लागलं. कान लाल.

"तू? बस चुकली का?"

"छत्री राहिली," टायपिस्टबाई म्हणाल्या. छत्री त्यांच्या हातातच होती.

दोघींनी त्या छत्रीकडे पाहिलं.

त्या रविवारी टायपिस्टबाईंनी सासूबाईंपाशी शेजारणीला तासभर बसवलं आणि बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. तिथे तासावर कॉम्प्युटर मिळायचा. त्यांनी तक्रार लिहिली, प्राचार्यांच्या नावे. सत्तावीस वर्षांची सगळी कला तिच्यात ओतली. कानात घंटी वाजत होती, करंगळी पडत होती, काठ सरळ येत होते. दुकानदाराला त्यांनी लांब उभं केलं. स्वतः लिहिली, स्वतः वाचली, स्वतः कॉलेजच्या ई-मेलवर पाठवली. या कागदाला दुसऱ्या कुणाचा वाराही लागला नव्हता. पाठवून झाल्यावर त्यांना एकदा जावकबाईंचा डबा आठवला. पण त्यांनी ते बाजूला सारलं. सासूबाईंचा पलंग त्यांना समोर दिसत होता.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी जेवताना जावकबाईंनी नेहमीसारखा त्यांच्या डब्यात हात घातला आणि टायपिस्टबाईंनी डबा जरासा आपल्याकडे ओढला. बोटभरच. जावकबाईंनी हात मागे घेतला आणि पाणी प्यायल्या.

बुधवारी सर वर्गात आले ते हातात एक कागद घेऊन. थेट सात नंबरपाशी. आता सर सगळ्यांसमोर काय बोलणार? नाकबूल करणार? ओरडणार?

सर वैतागलेले होते, पण भलत्याच कारणाने. "बाई, हे तुम्ही प्राचार्यांना पाठवलंत? त्यांनी माझ्याकडे परत पाठवलंय. हे बघा काय लिहिलंय."

कागद मोठ्या अक्षरात छापलेला होता. प्राचार्यांची नजर कमजोर, त्यांच्याकडे येणारं सगळं मोठ्या अक्षरात छापलं जायचं. वर त्यांच्या हातचा शेरा होता: 'ओळी तुटक. वाचता येत नाही. पत्र कसे लिहावे हे विद्यार्थिनीला आधी शिकवावे.' आणि खाली ती तक्रार. लांब ओळ, एकटा शब्द. लांब ओळ, एकटा शब्द.

टायपिस्टबाईंनी कागद वरून खाली दोनदा पाहिला. याला तर कुणी हात लावला नव्हता. कुणीच नाही. दुकानदार लांब उभा होता.

"विचारायची लाज वाटते का? किती आठवडे मी शेरा मारतोय," सर म्हणाले. त्यांनी वाकून सात नंबरवर ती फाइल उघडली. "माझंही चुकलं, नुसता शेरा मारत राहिलो. आता बघा हं. मी एक बटण दाबतो. एरवी दिसत नाहीत त्या खुणा दिसतील."

त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक काळी खूण उगवली. पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. पहिल्या ओळीच्या टोकाला एक, दुसरीच्या टोकाला एक, तिसरीच्या. खालपर्यंत रांगच्या रांग.

"हे तुमचे एंटर. तुम्ही ओळ आपल्या हाताने तोडताय. इथे तसं करायचं नसतं, ओळ भरली की ती आपोआप खाली जाते. शेरे लिहायला मी छापताना डावीकडे चार बोटं जागा सोडतो, म्हणून ओळ लहान होते. मग तुमचा एक शब्द खाली घसरतो आणि त्याच्यापुढे तुम्ही आधीच तोडून ठेवलेलं असतं, म्हणून तो एकटाच राहतो. अक्षर मोठं केलं तरी तेच. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकी एकाचीही अशी चूक होत नाही, कारण बाकी कुणी टायपिस्ट नाही. आता या पहिल्या ओळीचं..."

सर बोलता बोलता पहिली ओळ वाचायला लागले. दुसरी वाचली. त्यांचा चेहरा आधी बुचकळ्यात पडल्यासारखा आणि मग कानापर्यंत लाल झाला. त्यांनी एकदा सात नंबरकडे पाहिलं, एकदा आठ नंबरकडे. "करा... करा तुम्ही दुरुस्त," ते म्हणाले आणि दुसऱ्या रांगेतल्या कुणी न बोलावताच तिकडे निघून गेले.

टायपिस्टबाईंनी स्क्रीन झाकायला हात उचलला. पण शेजारी बघितलं आणि तो तसाच राहिला. जावकबाई वाचत होत्या. केव्हापासून वाचत होत्या कोण जाणे. ओठ हलत होते, नेहमीसारखे.

त्यांनी आपली खुर्ची सरकवली. काही न बोलता टायपिस्टबाईंचा कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. पहिल्या ओळीच्या शेवटी जाऊन थांबल्या आणि एका बोटाने ती काळी खूण खोडली. खालची ओळ वर येऊन तिला जोडली गेली. मग दुसरी.

"'माझ्या शेजारी आठ नंबरवर बसणाऱ्या बाई,'" त्या हळू आवाजात वाचत होत्या, बोट ठेवून, खोडून, "'ज्या एकोणीस वर्षे माझ्याबरोबर एकाच टेबलावर जेवल्या.'" खूण गेली. "'माझी पत्रे मी गेल्यावर जाणूनबुजून बिघडवतात.'" खूण गेली. "'त्यांना सरांची फूस आहे.'"

"राहू दे," टायपिस्टबाई म्हणाल्या. "राहू दे गं. मी करते."

"तुला येत नाही," जावकबाई म्हणाल्या. रागाने नाही. खरं होतं म्हणून. त्या पुढच्या ओळीवर गेल्या. "'गुरुवारी मी अचानक परत आले असता त्यांनी घाईने स्क्रीनवरचे काहीतरी लपवले.'" इथे मात्र त्या थांबल्या.

"पत्ते होते," त्या म्हणाल्या. "पत्त्यांचा खेळ असतो ना त्याच्यात. बस येईपर्यंत खेळायचे मी. तुला कळलं असतं तर तू हसली असतीस, एवढी घोडी झाले तरी पत्ते खेळते म्हणून."

टायपिस्टबाईंना हसूही आलं नाही आणि रडूही. एकोणीस वर्षांत ही बाई घरी जाऊन काय करते, हे आपण कधी विचारलं नाही, एवढंच त्यांना दिसलं, आणि लाजेने त्यांची मान खाली गेली.

"पहिल्या दिवशी सरांनी हेच सांगितलं होतं," खुणा खोडता खोडता जावकबाई म्हणाल्या. "ओळ आपोआप खाली जाते, आपण काही करायचं नाही. तू विचारलंस तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, टाईपिंगमधलं मी तुला काय सांगणार? तू सगळ्या ऑफिसला शिकवणारी. नंतर तुझी पत्रं बघायची मी, चार कसे पडतात म्हणून. विचारावं वाटायचं. पण तू कागद उलटा करायचीस."

ओळ तोडणारी शेवटची खूण गेली. तक्रार सलग झाली. तीन परिच्छेद, आखीव, स्वच्छ, कितीही मोठ्या अक्षरात छापा, तुटणार नाही अशी. जावकबाईंनी कीबोर्ड परत सात नंबरसमोर सरकवला.

"झालं. आता प्राचार्यांना वाचता येईल," त्या म्हणाल्या. "पाठवायची असेल तर पाठव."

टायपिस्टबाईंनी फाइल पुसून टाकली. तिथल्या तिथे. "माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं फिरलं होतं. आईंचं काय होईल, या एका भीतीने..."

"हो," जावकबाई म्हणाल्या. "आईंचं मला माहीत आहे." त्यांनी पर्स घेतली आणि पलीकडच्या रांगेत, दोन नंबरच्या रिकाम्या मशीनवर जाऊन बसल्या. वर्ग संपेपर्यंत, आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज, त्या तिथेच बसल्या.

त्यानंतर टायपिस्टबाईंना कधी चार मिळाले नाहीत. करंगळी एंटरकडे निघाली की त्या तिला दुसऱ्या हाताने धरायच्या. कानातली घंटी वाजायची, वाजू द्यायच्या. परीक्षेत त्या वर्गात पहिल्या आल्या. जावकबाई पास झाल्या, बेताच्या गुणांनी. ठरलं होतं तसं झालं. पुढची खोली टायपिस्टबाईंना मिळाली आणि रोज सहाच्या आत त्या घरी पोचायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उगाच जीव जाळत होतीस." बाईंनी त्यांची उशी सारखी केली.

शाखेत जायच्या दिवशी जावकबाईंनी सगळ्यांचा निरोप घेतला, टायपिस्टबाईंचाही घेतला. सगळ्यांसारखाच. दुपारी त्या टेबलावर टायपिस्टबाईंनी डबा उघडला. सगळा डबा आता त्यांचाच होता. अर्धा परत घरी गेला.

तीन आठवड्यांनी पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर शाखेकडून पहिलं पत्र आलं. टाकीच्या झडपा बदलण्याबद्दल. खाली सही शाखाप्रमुखांची होती, पण लिहिणारं बोट कुणाचं, हे टायपिस्टबाईंना लगेच कळलं. पत्र सलग होतं, नीटनेटकं होतं, आणि सुरुवातीला, नियमाप्रमाणे, 'महोदया' असं लिहिलं होतं.

एकोणीस वर्षांत त्या बाईने त्यांना 'अगं'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

टायपिस्टबाईंनी पत्र तीनदा वाचलं. झडपांचे आकार, किती हव्यात, केव्हापर्यंत हव्यात. झडपांच्या पलीकडचा एक शब्द नव्हता. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी येत नाही ना याची खात्री केली, आणि ते बटण दाबलं, एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखवणारं. त्या पुढे वाकून, चष्मा सावरून, ओळीओळीच्या शेवटी शोधत गेल्या. परिच्छेद संपतो तिथे एकेक खूण होती. बाकी काहीच लपवलेलं नव्हतं.